सातातली पाच पोरं

दिवाळी झाली, पाच घरांची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागली आणि गावातली कुपोषित मुलं सातावरून दोनावर आली.

अंगणवाडीच्या अनिताताईंनी पाच नावांपुढं शेऱ्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, की मूल मेंढरांसोबत परगावी, वजन घेता आलं नाही. पण मार्चचा अहवाल वर जाताना शेऱ्याचा रकाना खालीच राहिला. वर पोचला तो नुसता दोनाचा आकडा.

एक मेच्या ग्रामसभेत त्या दोनाला फार मान मिळाला. सरपंच आनंदराव म्हणाले, की सातातली पाच लेकरं सुधारली, योजनेनं काम केलं. आता जादा आहार दोघांपुरता ठेवू आणि उरलेल्या निधीतून वेशीवर कमान उभी करू. विरोधातल्या संपतरावांनी जुना सात धरून ठेवला होता. गावाची लेकरं उपाशी आहेत, आहार बंद करून थेट खात्यावर पैसे टाका, असं म्हणत त्यांनी एक फ्लेक्स उलगडला. त्यावर बारीक हातापायांची एक पोर मोठ्या डोळ्यांनी सभेकडं बघत होती.

ती वच्छलाबाईंची नात, अंकिता. तीन वर्षांची. मेंढरं चारच दिवसांपूर्वी परतली होती आणि वच्छलाबाई सभेत मागं बसल्या होत्या.

"आरं संपत, फोटू लावलास, मला इचारलंस का?" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. पोरगी जेवली का, एवढं तरी इचारायचं."

सभा हसली. संपतरावही हसले आणि फ्लेक्स नीट ताणून धरला.

मग अनिताताई उठल्या. पाचही मुलं सुधारली नव्हती, नुसती गावात नव्हती, हे त्यांनी सांगितलं. काल अंकिताचं वजन केलं, ते नऊ किलो चारशे भरलं, तिच्या वयाला बारा तरी हवं. रोजचं जादा अंडं, शेंगदाण्याचा लाडू आणि एक वेळची जास्त खिचडी आत्तापासून मिळाली नाही, तर पावसाळ्यात साधे जुलाबही तिला झेपायचे नाहीत.

आनंदरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमचं खरं असंल. पण मंजुरी मार्चच्या आकड्यावर झालीय. जी आकड्यातच न्हाईत, त्यांना मी कुठनं वाढू?"

दोनच ताटं मंजूर झाली. एक रोहिदासच्या मुलाचं, तो खरोखरच अशक्त होता. दुसरं नीलमच्या सार्थकचं. पण सार्थकनं जूनपर्यंत चांगलं बाळसं धरलं. खरं वजन लिहिलं की त्याचं ताट बंद होणार, आणि यादीत नवं नाव घेता येत नसल्यानं ते दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, हेही ठरलेलं. अनिताताई काट्यापाशी वही धरून थांबल्या. शेवटी नीलमच म्हणाली, "लिवा ताई कमी. आमच्याला काय वजनावर इकायचाय?"

वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच खोटं वजन लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ आलं, याचं त्यांना घरी गेल्यावर वाईट वाटलं.

सार्थकचं ताट अंकितापुढं येऊ लागलं. बाकीच्या चौघांना नेहमीच्या खिचडीतला एक डाव जास्त. तेवढंच जमण्यासारखं होतं. अंकिताला बसून जेवायची सवयच नव्हती. चालत्या कळपात वाढलेली पोर, दोन घास घेतले की उठून चालायला लागायची. अनिताताई वाटी घेऊन तिच्यामागं अंगणात फेऱ्या मारायच्या. गुडघे दुखायचे, पण पोर जेवायची.

पंधरा ऑगस्टच्या सभेत आनंदरावांनी नवा कागद काढला. "यादीत मेमधी दोन, आजबी दोनच. साडेतीन महिने अंडी चारून एक पोर सुधारलं न्हाई. मग ह्या आहाराचा उपेग काय?"

"मी मेपासून तेच सांगतोय," संपतराव म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. ग्रामसेवकांनी आहार बंद करण्याचा ठराव लिहायला घेतला.

अनिताताई उठल्या. "आकडा चुकलाय. सार्थक जूनमधीच बरा झाला. मी त्याचं वजन कमी लिवलं आन् त्याचं ताट अंकिताला दिलं. ती आज दहा किलो नऊशे हाय. अजून कमीच हाय, पण वाढतीय."

"म्हंजी सरकारी कागदात तुम्ही खोटं लिवलं?" आनंदरावांनी विचारलं.

"व्हय."

मग मागून वच्छलाबाईंचा आवाज आला, "तिनं एक खोटं लिवलं, आनंदराव, आन् सोताच्या तोंडानं सांगितलं. तुमचा दोन आन् ह्या संपतचा सात, त्यावर कोण उठून बोलणार हाय?"

आठवड्याभरात तालुक्याहून नोटीस आली. चौकशी लागली. आणि चौकशी पुरी होईपर्यंत लाभार्थ्यांच्या यादीत कोणताही बदल करू नये, असं त्याच नोटिशीत खाली छापलेलं होतं. ठराव तहकूब झाला, दोन ताटं चालू राहिली.

आपली नोकरी बहुतेक जाणार, हे अनिताताईंना कळत होतं. ती जायच्या आधी पोर बारा किलोच्या पुढं गेली पाहिजे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. खुलाशाला सात दिवसांची मुदत होती. त्यांनी अत्यंत नम्र भाषेत महिन्याची मागितली आणि कारण लिहिलं, की वजनांची नीट खात्री करून घ्यायची आहे. मुदत मिळाली. ती संपत आली की आपण आजारी पडणार आहोत, असं त्यांनी अंगणवाडीतल्या मदतनीस ताईबाईंना आधीच सांगून ठेवलं.