पाण्यातली आसरा

सरलाबाईची जीभ म्हणजे कोयता. आजवर ती दुसऱ्यांवरच चालली होती.

तिचा पोरगा हेमराज रंगाच्या मिलमध्ये खोकून खोकून अर्धा झाला, तेव्हा कुठे शहरातल्या फिशटँकच्या दुकानात चिकटला. शेठने अजून पक्का केला नव्हता. पहिलंच काम दिलं दगडांचं. एका गिऱ्हाइकाकडे समुद्राच्या पाण्याची काचपेटी बसणार होती. तिच्यात मांडायचे दगड पोत्यात भरून हेमराज घरी घेऊन आला. पांडेसऱ्याच्या चाळीतली एक खोली, तिला एवढीशी मोरी, आणि मोरीत आता माणसांआधी दगडांचा नंबर.

तो एकेका दगडावर लिंबू पिळायचा. फसफसला तर चुन्याचा, खाऱ्या पाण्याला चांगला. गंजासारखी तांबडी रेघ दिसली की फेकला. साबण लावायचा नाही, नुसता ब्रश, आणि मग रोज नव्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. त्यात एक मोठा दगड होता, पोळ्यासारखा भोकाभोकांचा.

"माय, हा मधोमध बसेल. हा नीट उतरला तर शेठ मला पक्का करणार."

"तुझ्या बापाने कधी मला सरबत दिलं नाही, आणि तू दगडाला लिंबू पाजतो," सरलाबाई म्हणाली. पण तो गेल्यावर दगडांचं पाणी बदलायची तीच.

चाळीत तिने सांगून ठेवलं होतं, पोरगा हाफिसात लागला. आणि नेमकी शेजारची पुष्पाबाई दारात.

"जिजी, दगडांना काय आंघोळ घालून राहिल्या?"

माशांच्या दुकानाचं नाव सरलाबाईच्या तोंडून निघेना. "दगड कोणाला म्हणते? आसरा आहेत त्या, पाण्यातल्या देवी. गावच्या डोहातून आणल्या. पाण्याबाहेर राहत नाहीत."

पुष्पाबाईने चपला काढून हात जोडले.

पुढे दगड वाळवायची वेळ आली. सरलाबाईने ते दारापुढच्या ओट्यावर मांडले आणि रॉकेल आणायला गेली. परत येते तर भोकांचा दगड लालभडक. तेलात कालवलेला शेंदूर, वर फुलं, आणि भोवती चाळीतल्या बाया.

"आसरा पाण्याबाहेर आल्या, मग मोठीला आम्हीच शेंदूर लावला, जिजी," पुष्पाबाई म्हणाली. "तुम्ही एकट्या किती करणार?"

सरलाबाई खाली बसली. पाया पडायला बसली असं बायांना वाटलं.

संध्याकाळी हेमराजने दगड हातात फिरवून पाहिला. "पेटीत घातला तर सगळे मासे मरतील."

"मी घासते ना."

"तेल भोकांत पार आत गेलं, माय. तुझा हात कुठवर जाईल? कोणी केलं हे?"

"तुझ्या मायच्या जिभेने."

शेठने बाकीचे दगड ठेवून घेतले, हेमराजला नाही. तो पुन्हा मिलमध्ये गेला.

आता दर मंगळवारी ओट्यावर बाया जमतात. आसरा सरलाबाईच्या गावची, म्हणून पहिलं तेल तिच्याच हातचं. परवा आतून खोकल्याची उबळ आली, थांबता थांबेना.

"हाफिसात कसला एवढा खोकला लागतो, जिजी?" पुष्पाबाईने विचारलं. "देवीला सांगा की. तुमचं ऐकेल ती."

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. सरलाबाईने वाटी उचलली आणि दगडावर तेल ओतत राहिली. भोकं पीत राहिली.