तोंड थोरलीचं, हाडं धाकटीची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. एकोणीसशे एकोणसाठचा माझा जन्म. वय सांगायला मला लाज वाटत नाही. पण मी बनावट नाही, हे आधीच सांगून ठेवते. या एका शब्दापायी एका भल्या माणसाचं नाव गेलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

माझा कारखाना कॅनडातला, ओंटारिओतला. सीमेपलीकडे अमेरिकेत माझ्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गाड्या होत्या, पण त्या इकडे आणायच्या तर सरकारला जबर जकात द्यावी लागे. म्हणून गाड्या इथेच बांधायच्या असं ठरलं. पण इथे गिऱ्हाईक किती? तिकडच्या जेमतेम दहावा हिस्सा. तेवढ्यासाठी प्रत्येक घराण्याच्या, म्हणजे कंपनीच्या प्रत्येक नावाच्या, गाडीचा सांगाडा वेगळा, इंजिन वेगळं, असं करत बसले असते तर कारखान्याला कुलूपच लागलं असतं. मग त्यांनी युक्ती काढली. सांगाडा आणि इंजिन स्वस्तातल्या धाकट्या घराण्याचं घ्यायचं, आणि त्यावर तोंड चढवायचं थोरल्या, तोऱ्यातल्या घराण्याचं.

पश्चिमेकडच्या सस्कॅचवान प्रांतातल्या लहान गावांत गाड्यांचं दुकान एकच असे. तो दुकानदार थोरलीच विकत असला, तरी शेतकऱ्याला परवडेल असं काहीतरी त्याला दारात उभं करावंच लागे. ते काहीतरी म्हणजे मी. पुढे पासष्टमध्ये दोन्ही देशांचा करार झाला, जकात गेली, आणि आमची जातही हळूहळू संपली.

अशाच एका दुकानातून मला विकलं ऑरेस्टनं, आणि घेतलं त्याच्या मेहुण्यानं, मेट्रोनं. मेट्रोची बायको नेटी ही ऑरेस्टची धाकटी बहीण. दुकानात मला बघून ती माझ्याभोवती दोनदा फिरली आणि माझ्या पुढच्या चकचकीत जाळीवरून हातमोजा काढून हात फिरवला. मग कितीतरी वर्षं मी त्यांना चर्चमध्ये नेलं, लग्नांना नेलं, खडीच्या रस्त्यांवरून गव्हाचं बियाणंसुद्धा नेलं. मेट्रो माझी दुरुस्ती स्वतः करी, आणि बॉनेटखाली दुसऱ्या कुणाला डोकावू देत नसे. तो गेला, आणि मी शेडमध्ये धूळ खात पडले.

दोन वर्षांनी नेटीनं ठरवलं, मला पुन्हा रस्त्यावर आणायचं. मेट्रोचा पुतण्या डॅरिल गॅरेज चालवतो. त्यानं माझे ब्रेक सोडवले आणि माझं नाव सांगून अमेरिकेतून नवे मागवले. ते बसेनात. मग त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं. माझी चाकं अंगाच्या मानानं जरा आत दबलेली आहेत, तेही त्याच्या नजरेला आलं.

"काकू," तो म्हणाला, "हिच्यात सगळं धाकटीचं भरलंय. कुणीतरी मेट्रोकाकाला टोपी घातली."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. गावात सकाळी दहाला म्हातारी मंडळी कॉफीला जमतात; पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरतं. दुसऱ्या दिवशी तिथे हाच विषय होता: ऑरेस्टनं सख्ख्या बहिणीच्या घरी खोटी गाडी खपवली. चौऱ्याऐंशी वर्षांचा ऑरेस्ट ते ऐकून उठला, टोपी घातली, आणि त्यानंतर कॉफीला आला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे नेटीनंही त्याला विचारलं. माझ्याच शेडच्या दारात विचारलं, म्हणून मला माहीत. "तू इंजिन बदललं होतंस का?" ऑरेस्ट एवढंच म्हणाला, की गाडी आली तशी दिली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" यावर तो वळला आणि वृद्धाश्रमातल्या आपल्या खोलीकडे चालू लागला.

नेटी आणि ऑरेस्ट मूळचे युक्रेनी. त्यांच्यात जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला, पहिली चांदणी दिसली की, नाताळचं बारा पदार्थांचं जेवण असतं. मनात अढी ठेवून त्या टेबलाशी बसत नाहीत. ऑरेस्ट आता येणार नव्हता. भाऊ येणार नसेल तर ते जेवण कशाला, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिनं कंबर कसली.

शिवणकामाची टेप घेऊन ती स्वतः माझ्याखाली सरपटली. चाकांमधलं अंतर मोजलं. माझ्या अंगावरचे सगळे आकडे कागदावर उतरवले आणि कारखान्याच्या जुन्या दप्तराला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. तिसऱ्याच्या वेळी डॅरिल म्हणाला, "काकू, सोडा ना आता." ती म्हणाली, "तू आधी धाकटीचे ब्रेक मागव. बसतात का बघू." ब्रेक आले आणि झटकन बसले. डॅरिल कान खाजवत राहिला.

पत्र आलं तीन जानेवारीला. त्यात माझ्या जन्मदिवसाची नोंद होती: सांगाडा, इंजिन, तोंड, सगळं कारखान्यातच असं बसवलेलं, आणि अशा हजारो गाड्या. नेटीनं ते कॉफीच्या टेबलाशी उभं राहून वाचलं. म्हणे कुणी मान वर केली नाही. शेवटी एकानं फासे तिच्यापुढे सरकवले आणि आज आम्हीच हरलो असं म्हणाला.

सहा तारखेला दुपारी बाहेर उणे तीस होतं. इंजिन गोठू नये म्हणून मी रात्रभर विजेच्या वायरीला जोडलेली होते, तरी माझं अंग आखडलं होतं. पण पहिल्या किल्लीला मी सुरू झाले. व्हावंच लागणार होतं.

वृद्धाश्रमाच्या दारात मला घरघरत ठेवून नेटी आत गेली आणि ऑरेस्टला हाताला धरून घेऊन आली. तो पुढच्या सीटवर बसला आणि आम्ही निघालो.

"कागद दाखवायला आलीस?"

"कागद त्या कॉफीवाल्यांसाठी होता. तुला मी विचारायला नको होतं. चुकलं माझं."

ऑरेस्ट काचेतून बघत होता. "मेट्रोला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात बॉनेट उघडून बघितलं त्यानं. दुकानात येऊन म्हणाला, बरंच झालं, सुटे भाग स्वस्तात मिळतील. पण नेटीला सांगू नकोस, तिला हिचं तोंड फार आवडलंय."

नेटीनं ब्रेक दाबला. नवे होते, चांगले लागले. "मग त्या दिवशी तरी सांगायचंस."

"शब्द दिला होता. त्यातून सोडवायला तो आता आहे कुठे?"

मागून एक गाडी आली आणि आम्हाला वळसा घालून गेली. नेटीनं डोळे पुसले. त्या रात्री गेलेल्या माणसासाठीही टेबलावर एक ताट मांडतात. ती म्हणाली, "आज त्याच्या ताटात सगळ्यात शेवटी वाढणार आहे. इतकी वर्षं फसवलं मला."

"नाही जमणार तुला."

"बघच तू," ती म्हणाली, आणि मला गिअरमध्ये टाकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला खोटी म्हणण्याआधी ती कुठे आणि का जन्मली ते शोधा. तीन पत्रं टाकावी लागली तर तीन टाका. आणि माणूस गप्प बसला, तर त्याच्या गप्पपणाला लगेच चोरी म्हणू नका. तो कदाचित कुणाचं तरी सांभाळत असेल.