लिंबाजींचे अनुच्चारित दुखणे

पेडगावच्या लिंबाजींच्या घरात देहधर्माचा उल्लेख कुणीही त्याच्या नावाने करीत नसे. पुरुष ‘बाहेर जाऊन’ येत, बायका ‘लांब’ जात, पाहुण्यांना ‘हातपाय धुवायचे का’ असे विचारले जाई; आणि अंगणात पक्का संडास उभा राहिल्यावर त्यालाही ‘तिकडं’ एवढेच नाव लाभले. या मौनाला ते घर सभ्यता समजे. सभ्यता अर्थात माणसांपुरतीच. मागे बोकडाचे मूत तुंबले, तेव्हा लिंबाजींचा मुलगा महारुद्र याने भर हॉटेलात बसून, जनावरांच्या डॉक्टरला फोनवर रंग, वास आणि थेंब यांचे असे साद्यंत वर्णन ऐकवले की शेजारच्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

आता तेच दुखणे लिंबाजींना जडले. आदल्या संध्याकाळपासून लघवी बंद, ओटीपोट दगडासारखे. मात्र परभणीच्या दवाखान्यात समोर तरुण डॉक्टरीण निघाली आणि महारुद्राची वाचाच बसली.

“काय होतंय बाबांना?”

“जरा बेचैनी हाय, मॅडम. त्यांचं ते... रोजचं होईना.”

“पोट साफ होत नाही?”

“हां, तसलंच समजा.”

“तसलंच बाई,” लिंबाजींच्या पत्नी तानुबाई यांनी दुजोरा दिला. लिंबाजी घामाने भिजले होते, तरी पोटाला हात लावू देईनात. डॉक्टरीण पोट साफ होण्याचे औषध लिहू लागली.

दाराशी सून शिवकन्या उभी होती. सासऱ्यापुढे सुनेने बोलू नये, हा त्या घराचा दुसरा दंडक.

“मॅडम, लिहू नका. मामाची लघवी कालपासून बंद हाय. एक थेंब न्हाई.”

“गप, सटवे! सासऱ्याचं असलं बोलतीस?” तानुबाई कडाडल्या.

“बोकडाचं समद्या गावाला सांगितलं की ह्यांनी, आत्याबाई. मामा बोकडापरीस हलके हायत का?”

तातडीने नळी घातली गेली. पिशवी भरत गेली तसा लिंबाजींचा चेहरा सैल होत गेला. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडे निकामी झाली असती, असे डॉक्टरीण म्हणाली. नळी काढायला आठवड्याने या, असेही म्हणाली.

इतक्यात पाहुण्यांचा फोन आला. “काई न्हाई, गॅस धरला हुता,” महारुद्राने निर्लज्जपणे सांगितले. मग बायकोकडे न पाहता तो आईला म्हणाला, “नळी काढायला आपुन दोघंच येऊ. हिला न्हाई आनायचं.”

“आन् तवा बी अडलं तर सांगनार कोन?” शिवकन्येने विचारले.

तानुबाईंनी उत्तरादाखल पिशवीवर टॉवेल टाकला. आणि लिंबाजींनी, ज्यांचा जीव सुनेच्या त्या धडधडीत बोलण्याने वाचला होता त्या लिंबाजींनी, मुलाच्या निर्णयाला पडल्या पडल्या मान डोलावली.