हवा खराब होती

दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की मेंदू ताजातवाना होतो आणि विसरलेलं परत येतं, असं मॉर्गन सिटीतल्या त्या दवाखान्याच्या पाटीवर लिहिलंय. मुलगा म्हणाला, "आई, थापा आहेत सगळ्या." मी ऐकलं नाही. अल्सिदनं, माझ्या नवऱ्यानं, एकदा तरी मला 'युला' म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. वर्षभर तो मला "अहो बाई" करत होता.

बाकीचे म्हातारे त्या काचेच्या टाकीत शिरताना घाबरतात. अल्सिद आपल्या पलंगावर आडवं व्हावं तसा शिरला. जन्मभर समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्याचं काम केलेलं. खोल पाण्यातून वर आलं की अंगावरचा दाब हळूहळू उतरावा म्हणून पाणबुड्यांना अशाच टाकीत तासन्‌तास कोंडायचे, आणि बाहेरचा जोडीदार फोनवरून गप्पा मारायचा.

आता फोन माझ्या हातात होता. दाब चढला आणि आतून खणखणीत आवाज आला.

"नॉर्बर, आहेस ना रे बाहेर?"

नॉर्बर त्याचा जोडीदार. तो कधीच वारला. तरी मी घोगरा आवाज काढून म्हटलं, "आहे की."

"युलाला फोन लाव."

माझं नाव! मला रडूच फुटलं. यंत्रापाशी बसलेली शेल्बी म्हणाली, "बघा मिस युला, गुण येतोय."

"काय सांगू तिला?" मी विचारलं.

"नेहमीचंच. हवा खराब आहे, बोट सुटत नाही म्हणावं. तेवढ्यात मी ग्रँड आइल बेटावर जाऊन येतो. लोरेन वाट बघतेय." मग हसला. "युला काय, गरीब गाय. गंबो गरम करत बसेल."

बसायचेच मी, ते कालवण ढवळत. पोरांनाही जेवायचं थांबवायचे. खिडकीतून निरभ्र आभाळ दिसायचं, तरी म्हणायचे, तिकडे समुद्रावर असेल वादळ. मूर्ख बाई. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला.

दाब उतरला, शेल्बीनं झाकण उघडलं. अल्सिदचा चेहरा पुन्हा कोरा. मी त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होते.

"अहो बाई," तो अदबीनं म्हणाला, "माझी बायको नाही आली न्यायला?"

"नाही," मी म्हटलं. "हवा खराब आहे. बोट सुटली नाही."

"असं होय," तो म्हणाला, आणि दाराकडे तोंड करून वाट बघत बसला.