मोठ्या भाऊजींचा कोयता

सासरे गेले तेव्हा कोयता मोठ्या भाऊजींच्या हाती आला, आणि तेव्हापासून दोन्ही भावांच्या बागेतली कोकोची फळं उतरवायची ती त्यांनीच. आधी आपली बाग, मग धाकट्याची. धाकट्याचं काम शिडी धरण्याचं.

यंदा भाऊजींच्या बागेत फळांवर काळे डाग दिसले. डाग पसरला की आतलं बी कुजतं, हे धाकट्याच्या बायकोला ठाऊक होतं. माहेरची अर्धी बाग तिने तशीच जाताना पाहिली होती. आपल्या बागेत तिने खाली पडलेली सालं उचलून पुरली, दाट फांद्या छाटल्या. तिच्या फळांवर एक डाग नव्हता. याच पिकावर मुलगी शिकायला जायची होती.

भाऊजी आले तेव्हा चुलीवर पाणी उकळत होतं.

"भाऊजी, कोयता एवढा या पाण्यात बुडवून घ्या. तुमच्याकडे डाग पडलाय."

भाऊजींनी तिच्याकडे न बघता भावाला विचारलं, "माझा कोयता घाण आहे का रे?"

नवरा पातेल्याकडे बघत राहिला. "नाही दादा, स्वच्छ आहे. तिला उगाच काळजी."

शिडी धरून धरून या माणसाला स्वतःच्या पायावर उभं राहायचं जमलंच नाही, असं तिच्या मनात आलं. पण घरात वितुष्ट नको म्हणून तीही गप्प बसली. पुढे तिला सगळ्यात जास्त चीड आली ती या गप्प बसण्याची.

पिकलेली फळं उतरली. मागे राहिलेली हिरवी फळं काळी पडू लागली, नेमकी जिथे कोयता लागला होता तिथून. मुलीने बांधलेलं सामान सोडलं.

भाऊजी बघायला आले. "सावली फार काढलीस तू. झाडांना ऊन बाधलं," म्हणाले. कुजलेली फळं त्यांनी स्वतः कापून टाकली, रसाने चिकट झालेला कोयता धोतराला पुसला आणि तसेच आपल्या लेकीच्या बागेकडे निघाले. तिच्या नव्या झाडांना यंदा पहिलीच फळं लागली होती.

"पाणी ठेवतेस का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"कशाला? कोयता स्वच्छ आहे. तुम्हीच म्हणालात."

ती पुतणी काकू-काकू करत लहानपणी हिच्याच मांडीवर झोपायची. भाऊजी वळणावर दिसेनासे होईपर्यंत ही दारात उभी राहिली. हाक ओठांवर आली होती, ती हिने गिळली.