फेस न आलेली बाटली

“अजी, किती पानी घालता त्या बाटलीत? फेस तरी येते का आता?” मंदाबाई कुरकुरल्या.

“चालते वो. अजून दोन दिवस निघते,” कवडू मिस्त्री म्हणाले.

मित्रांनो, ती बाटली म्हणजे मी. लाखनीच्या हायवेवर कवडू मिस्त्रींचं, म्हणजे मंदाबाईंच्या नवऱ्याचं, गॅरेज आहे, तिथली जुनी फवाऱ्याची बाटली. आधी माझ्या पोटात काचा पुसायचं निळं पाणी होतं. ते संपल्यावर मिस्त्रींनी मला साबणाचं पाणी पाजलं आणि हवेची गळती शोधायला लावलं. मी फवारलं की जिथे बुडबुडे उठतील तिथून हवा पळते, इतकं साधं काम. “मशीन खोटं बोलंन, बाटली नाही बोलत,” असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगत. ऐकून मी फुगून जायची.

त्याच दिवशी तुमसरच्या तुलारामशेठची मोठी गाडी आली. तिला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. रोज सकाळी मागची उजवी बाजू म्हशीसारखी बसलेली. मिस्त्रींनी नळी, जोड, पिशवी, सगळीकडे मला दाबलं. पण पोटात साबण नावालाच होता. पाणी नुसतं ओघळलं.

“पिशवी चांगली आहे शेठ. वजन जास्त झालं असंन.”

शेठ ड्रायव्हरकडे वळले. “काय भरलं होतं रे मांगं, चंद्रकुमार?”

“बहिणीकडं दिघोरीले तांदळाचे दोन कट्टे नेले होते शेठ. एकच डाव.”

“चाबी ठेव.”

अकरा वर्षं गाडी चालवलेला माणूस चाबी ठेवून पायी निघाला. मला ओरडावंसं वाटलं. पण बाटलीचं तोंड फवारण्यापुरतंच.

महिन्याने गाडी परत आली, तशीच बसलेली. शेठ स्वतः चालवत होते. समोरच्या पंक्चरच्या दुकानात चंद्रकुमार टायर खोलत होता. शेठनी तिकडे पाहिलं नाही. मिस्त्रींनीही नाही.

त्या सकाळी मंदाबाईंनी मला विसळून भांड्यांचा घट्ट साबण भरला होता. मिस्त्रींनी दाबलं. पिशवीच्या खालच्या घडीत मोहरीएवढा बुडबुडा आला, मग बोराएवढा, मग सारी घडी पांढरी झाली.

“रबर म्हटलं की चिरतेच,” शेठ पुटपुटले.

“जुनं झालं,” मिस्त्री म्हणाले. मंदाबाई फक्त माझ्याकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, सरत आलेल्या साबणात पाणी घालणं ही घरोघरची रीत. त्यात भांडी निघतात. पण ज्या हत्याराच्या साक्षीवर कुणाची भाकरी ठरते, त्याला असं उपाशी ठेवू नका. त्या दिवशी मी खोटी साक्ष दिली, आणि ते पाप मला अजून फेडता आलेलं नाही.

फेस दिसल्यावर मिस्त्री मला हातात घेऊनच रस्ता ओलांडू लागले. शेठ मागोमाग आले. चंद्रकुमारने पाना खाली ठेवला.

“तुह्या कट्ट्यानं काही झालं नोहतं गा,” शेठसमोर मिस्त्री म्हणाले. “त्या दिवशी बाटलीत साबणच नोहता. मले ठाऊक होतं. तरी मी पिशवी चांगली म्हणलो.”