शेंदरातली गोम

वरूडला जाणारी एसटी मोर्शीत थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहाला गेलेला. मी उतरले, चढले, परत उतरले. शेजारच्या बाई म्हणाल्या, पोरी, बस की एका जागी. कशी बसणार?

आमच्या संत्र्याच्या मळ्यात विहीर खोदताना फरशीएवढा एक दगड निघाला होता. माझा भाऊ शेखर याने काल त्याचा फोटो पाठवला. दगडावर गोमेचा ठसा होता. अंगाला कड्या, दोन्हीकडे पाय, पण लांबी माझ्या हाताएवढी. मी अमरावतीला भूशास्त्र शिकते. फोटो पाहून आमचे सर खुर्चीतून उठलेच. डायनासोरांच्याही आधीचा प्राणी असेल, उद्याच येतो, तोवर कोणी हात लावायचा नाही, म्हणाले. मी लगेच आईला फोन करून तेच बजावलं.

मळ्यात पोचले तर विहिरीच्या काठावर माझी गोम शेंदरात माखलेली. वर हळद-कुंकू, पुढे फोडलेला नारळ. पाय एकही दिसेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेंदरातलं तेल दगडात मुरतं, सगळं संपलं, म्हणून मी आईवर ओरडले. तिला अडाणीसुद्धा म्हणाले.

आईने नुसतं मागे बोट दाखवलं. विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग तिथे नव्हताच. शेखरने तो रस्त्याच्या कामासाठी देऊन टाकला होता आणि हे सांगायचं विसरून स्वतः संत्री घेऊन वरूडला गेला होता. ट्रॅक्टरवाले सकाळीच येऊन सगळं भरून घेऊन गेले.

"तूच म्हटलं ना, कोणाले हात लावू देऊ नोको?" आई म्हणाली. "ते इतके जण, मी एकटी. नुसत्या गोट्यासाठी माह्यं कोण ऐकते? घरातला शेंदूर आणला न् फासला. मंग कोणी हात लावला नाई."

तेवढ्यात सर आले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. शेंदूर काढायला महिने लागतील, काही पाय कदाचित हाती लागणारच नाहीत, म्हणाले. पण दगड आहे, हेच पुष्कळ. गाडीत चढवायला गडी बोलावले, तर ते हात मागे बांधून उभे. शेंदराचा देव कोण उचलणार?

आईने घरातून दहीभात आणून दगडापुढे ठेवला आणि विसर्जनाआधी गणपती हलवतात तसा तो दोन्ही हातांनी जरासा सरकवला.

"जाय बापा," ती त्याला म्हणाली, "पोरीसंग जाय. तोंडाची तिखट हाय, पण जीव लावते."

गड्यांनी दगड उचलला. सकाळपासून एका जागी न बसलेली मी आईपाशी जाऊन बसले, आणि आता मला उठवेना.